तिथी पाहून किल्ला: अलिबाग ते मुरुड, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अलिबागला जायचं ठरलं की हॉटेल शोधण्याआधी पंचांग उघडा. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. जंजिऱ्याची होडी वारा आणि पाणी बघून सुटते. भर पावसाळ्यात तर दोन्ही वाटा बंद असतात. या किनाऱ्यावरची जुनी गावं समुद्राच्या वेळेवर वसली, लढली आणि व्यापार करत राहिली, आणि ती बघायचीही त्याच वेळेवर. हे लक्षात न घेता गेलेले लोक किनाऱ्यावरून किल्ल्याचा फोटो काढतात, भेळ खातात आणि परततात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अर्ध्या तासाच्या तयारीत हे टळतं.

खाली अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई आणि मुरुड असा दोन दिवसांचा क्रम दिला आहे. गाडी असेल तर उत्तम, पण एसटी आणि रिक्षावरही तो नीट जमतो.

पहिलं काम: ओहोटीची वेळ काढा

मुंबईपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून एक ते पंधरा अशीच. भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

चतुर्थीचं उदाहरण घ्या. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी पूर्ण उतरलेलं. द्वादशीला भरती नऊला, म्हणून ओहोटी दुपारी तीनला. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सुट्टीचा दिवस निवडायला पुरेसा आहे.

आता यातली खुबी. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, म्हणजे सहलीला सोयीची दिसते. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे वाट गुडघाभर पाण्यातून काढावी लागू शकते. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटीत पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटीची वेळ पडते पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून चालत जाणाऱ्याने मधल्या तिथी धराव्यात: सकाळी जायचं असेल तर तृतीया ते पंचमी, दुपारी जायचं असेल तर द्वादशी ते चतुर्दशी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे आणि चतुर्थीला नेमकी सकाळी नऊची ओहोटी मिळते. विनायकी असो की संकष्टी, दर्शनाला जाणाऱ्यांना वाट मोकळी सापडते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून वेळ पक्की करा. त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ओहोटीचा आकडा जितका लहान, तितकी वाट कोरडी. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, म्हणून नुसती वेळ पाहून भागत नाही. आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या माणसांचा. घोडागाडीवाला किंवा जाळी आवरणारा कोळी ‘आता नका जाऊ’ म्हणाला, तर थांबायचं.

पोहोचायचं कसं

मुंबईहून गेटवे ऑफ इंडियाची लाँच साधारण तासाभरात मांडव्याला सोडते. काही कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून घ्या. गाडी सोबत न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. पुण्याकडून किंवा पनवेलकडून येणाऱ्यांना पेण-वडखळ मार्गे एसटी. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद राहतात. शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळा. वडखळनंतरच्या रस्त्यावर गर्दीत अडकलात, तर नऊची ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारची वाळू आणि किल्ल्याचा दगड दोन्ही तापतात.

कुलाबा: पाण्यातून चालत

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी, पाणी उतरत असतानाच निघा. म्हणजे आत फिरायला वेळ मिळतो आणि पाणी चढू लागण्याआधी परत येता येतं. किनाऱ्यापासून किल्ला दीडेक किलोमीटर आहे. मध्ये खडक, शेवाळ आणि ओल्या वाळूचे पट्टे लागतात. पट्ट्याच्या सँडल घाला, चप्पल वाळूत रुतते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर घोडागाडी करा. पाणी उरलेलं असतानाही ती जाते. परतायची वेळ घड्याळात गजर लावून ठेवा. आत रमलं की भान राहत नाही.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्र्यांनी इथून मराठ्यांचं आरमार चालवलं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून आंग्र्यांवर चाल केली आणि ती फसली. आत शिरण्याआधी मागे वळून किनारा बघा. हल्ला करणाऱ्याला हेच अंतर पार करायचं होतं, तेही दिवसातून दोनदा उतरणाऱ्या आणि दोनदा चढणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने. गलबत जवळ आणावं तर खडक, पायदळ आणावं तर भरतीची भीती.

महादरवाज्यावरचं कोरीव काम बघून झालं की तटाला जवळून भेटा. या तटात मोठाले दगड एकावर एक नुसते बसवले आहेत, सांध्यांत चुना भरलेला नाही. दोन दगडांच्या मधल्या फटीत बोटं सहज जातात. लाट आदळली की तिचं पाणी या फटींमध्ये शिरतं, जोर विखुरतो आणि पाणी पुन्हा बाहेर पडतं. सगळा मार एका गुळगुळीत भिंतीवर बसत नाही. तीन शतकांहून जास्त काळ लाटा झेलून तट उभा आहे तो असा. हे लक्षात ठेवा, कारण मुरुडला याच्या अगदी उलटी गोष्ट दिसणार आहे.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गणेशपंचायतन. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. भर समुद्रात गोडं पाणी हीच किल्ल्याची खरी तिजोरी. इथे आणि पुढे जंजिऱ्यातही आधी पाण्याची जागा शोधा, म्हणजे बाकीची वस्ती कुठे असेल ते आपोआप कळतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन लोखंडी तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव उठवलेलं आहे, ते वाचून बघा. किल्ल्याच्या उत्तरेला खडकावर सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे. पाणी पुरतं उतरलेलं असेल आणि वेळ हाती असेल तरच तिकडे जा.

किल्ल्याला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाइलची रेंज किंवा बॅटरी दगा देऊ शकते. प्यायचं पाणी किनाऱ्यावरूनच घेऊन निघा, आणि रिकामी बाटली परत आणा.

अलिबाग गावात तासभर

किल्ल्यातून परतल्यावर गाव सोडून पुढे पळू नका. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी गावातच, बाजाराच्या भागात आहे. किल्ल्यावर येणाऱ्यांच्या मानाने इथे फारच थोडी माणसं फिरकतात. ज्यांच्या नावाने हा सगळा किनारा ओळखला जातो, त्यांच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं. तळ्याकाठचा हिराकोट आज तुरुंग आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघायचा आणि फोटो काढायचा मोह आवरायचा.

किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळाही बाहेरून बघण्यासारखी आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मुंबईतल्याच कुलाबा भागातल्या वेधशाळेतली नाजूक मोजमापं बिघडणार, म्हणून चुंबकीय नोंदींचं काम इथे हलवलं गेलं. १९०४ पासून इथे त्या नोंदी होत आहेत. इमारतीत लोखंड न वापरण्याची काळजी घेतली आहे. आत जायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

चौल-रेवदंडा: वाड्यांमध्ये लपलेलं शहर

अलिबागहून रेवदंडा सतराएक किलोमीटर. एसटी आहे, शेअर रिक्षाही मिळतात. वाटेत आधी चौल लागतं. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण बघायला ‘एक’ असं काही नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून आळ्या, अचानक एखादं तळं, त्याच्या काठी देऊळ. चौलमध्ये तीनशेसाठ देवळं आणि तीनशेसाठ तळी होती असं गावकरी सांगतात. आकडा मोजायला जाऊ नका, पण इतकी तळी का लागली असतील याचा विचार जरूर करा. हे बंदर टॉलेमीच्या काळातल्या ग्रीक-रोमन जगाला ठाऊक होतं. अरबस्तान, इराण, आफ्रिकेकडून येणारी माणसं, घोडे, माल इथे उतरायचा. इतक्या माणसांना पाणी पुरवायचं म्हणजे तळी हवीतच.

चौलमध्ये एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर रामेश्वराचं देऊळ बघा. समोर पुष्करणी, दीपमाळा, कौलारू मंडप. मंडपात जमिनीखाली बंद केलेली कुंडं आहेत. पाऊस फारच लांबला तर त्यातलं पर्जन्यकुंड उघडतात असं सांगतात. देवळात मोबाइल बाजूला ठेवा आणि गुरवांना विचारून मगच फोटो काढा.

मग रेवदंडा. हा पोर्तुगिजांचा चौल. रस्ता किल्ल्याचा तट फोडूनच आत शिरतो, त्यामुळे अनेकजण गाडीतून किल्ल्याच्या पोटातून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. बाजारापाशी उतरा आणि इथून पुढे पायीच फिरा.

१५०८ साली याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आरमाराने दीवच्या मलिक अयाझच्या मदतीने पोर्तुगिजांना हरवलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढे १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून इथे कोट बांधायची परवानगी मिळवली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, पण शहर पडलं नाही. ते मराठ्यांच्या हाती आलं १७४० मध्ये, वसई जिंकल्यानंतर वर्षभराने.

आतली जागा आज खाजगी वाड्यांची आहे. हे नीट लक्षात घ्या. चर्चची भिंत एकाच्या पोफळीत, मठाची कमान दुसऱ्याच्या मागच्या दारी. फाटकातून ‘काका, आत येऊन बघू का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, कधी कधी स्वतः वाट दाखवायला येतात. न विचारता शिरलात तर बोलणी खाल, आणि ती रास्तच असतील. वाडीत चालताना वर लक्ष ठेवा, नारळ सांगून पडत नाही.

सातखणी बुरूज चुकवू नका. तो मुळात चर्चचा मनोरा. नावाप्रमाणे सात मजल्यांचा होता, आता चार उरले आहेत. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींतून नारळाच्या झावळ्या दिसतात. मनोऱ्याजवळून समुद्राकडच्या तटावर जा. तिथे वाळू काळसर आहे आणि लाट थेट तटाच्या पायाशी येते. भरतीच्या वेळी या बाजूने चालू नका, दोन वळणांच्या मध्ये पाणी गाठतं.

रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे. त्वेर गावचा हा व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला १४६९ च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. शाळा चालू असेल तर शिपायाला किंवा शिक्षकांना विचारून मगच आत जा.

पहिल्या रात्री मुक्काम रेवदंडा, नागाव किंवा काशीद, जिथे घरगुती सोय मिळेल तिथे. जेवणाची ऑर्डर दुपारीच फोनवर देऊन ठेवा. घरगुती खानावळीत माणशी मोजून रांधतात.

पहिल्या दिवशी ओहोटी दुपारची असेल, तर हा सगळा क्रम उलटा करा: सकाळी चौल-रेवदंडा, दुपारी कुलाबा.

कोर्लई: वर चढून बघायचा नकाशा

साळावचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या खाडीच्या दक्षिण तोंडावर कोर्लईचा डोंगर. समुद्रात घुसलेल्या लांबट टेकडीच्या पाठीवर हा किल्ला पसरला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत इथे या. दीपगृहाकडून पायऱ्यांची वाट आहे. दीपगृह आजही कामात आहे आणि ते बघूही देतात, वेळ तिथेच विचारा.

वर पोहोचलात की काल पायी फिरलेलं सगळं रेवदंडा समोर दिसतं: खाडी, तट, वाड्यांचं हिरवं छप्पर. चौलचं बंदर हवं असेल त्याला हा डोंगर का हवाच होता, हे इथे उभं राहिल्याशिवाय समजत नाही. निजामशहाच्या माणसांनी इथे तोफा चढवल्या आणि रेवदंड्याचं जगणं अवघड केलं. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हा डोंगर घेतला आणि मग स्वतःच तटबंदी वाढवली. आतल्या चर्चचे अवशेष, पोर्तुगीज अक्षरांचे दगड, पाण्याचं टाकं आणि एकामागून एक दरवाजे बघत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जा. दीडेक तास लागतो.

खाली कोर्लई गावात काही ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीज सत्ता इथून जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, बोली मात्र टिकली. कुणाला थांबवून ‘जरा बोलून दाखवा’ असं म्हणू नका. दुकानात चहा घेत बसलात तर ती कानावर पडेलच.

मुरुड आणि जंजिरा

कोर्लईहून काशीदमार्गे मुरुड, आणि मुरुडच्या पुढे राजपुरी. जंजिऱ्याच्या होड्या तिथल्या धक्क्यावरून सुटतात. शक्यतो सकाळची होडी धरा. होडी माणसांनी भरली की निघते. जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि घाला, पोहता येत असलं तरी.

होडीत पुढच्या बाजूला बसायला मिळालं तर छान. किल्ल्याचा दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मध्ये तो दडवला आहे. होडी पायऱ्यांशी लागते तेव्हा लाटेबरोबर वरखाली होते. नावाडी हात देईल तेव्हाच पाय टाका, आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. कॅमेरा पिशवीत.

होडीवाले साधारण पाऊण ते एक तास देतात. किल्ला त्या मानाने फार मोठा आहे, म्हणून ठरवून फिरा. आत शिरताना दरवाज्यावरचं शिल्प बघा: पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेलं श्वापद. मग थेट कलालबांगडी तोफेकडे. तिथून तटावरून समुद्राकडे पाहा, पद्मदुर्ग हा दुसरा पाण्यातला किल्ला दिसतो. त्यानंतर गोड्या पाण्याची दोन मोठी तळी आणि शेजारच्या पडक्या वाड्याच्या भिंती. एवढं जमलं तरी पुष्कळ.

जंजिऱ्याचे राज्यकर्ते सिद्दी, मुळचे आफ्रिकेचे. त्यांनी हे राज्य १९४८ पर्यंत टिकवलं. शिवाजी महाराजांनी जंजिरा घ्यायचे प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी तर १६८२ च्या मोहिमेत राजपुरीकडून समुद्रात भराव घालून वाट बांधायला घेतली होती. मार्गदर्शक म्हणवणारे काही लोक किल्ल्यात भलत्याच कहाण्या सांगतात, भुयारांच्या वगैरे. त्यांच्याकडून फक्त वाट आणि तोफांची नावं जाणून घ्या.

परतताना राजपुरीच्या पुढे खोकरीचे घुमट बघायला रिक्षा करा. सिद्दी सरदारांच्या या तीन दगडी कबरी. सर्वांत मोठी सिरुलखानाची, ज्याच्या काळात जंजिऱ्याचं आजचं बांधकाम पूर्णत्वाला गेलं. गर्दी नसते, कोरीव जाळ्या निवांत बघता येतात. आत जोडे काढून जा.

वेळ आणि समुद्र दोन्ही अनुकूल असतील तर पद्मदुर्ग. इथे होड्यांची नेहमीची फेरी नाही. मुरुडच्या कोळीवाड्यात आदल्या दिवशीच विचारून ठरवावं लागतं आणि पाणी अगदी शांत असेल तरच कुणी नेतं. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधवला. इथला तट कुलाब्याच्या उलट, चुन्यात बांधलेला. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड खाऊन टाकले आहेत, पण मधला चुना जसाच्या तसा आहे. दगडांच्या जागी खोलगट वाट्या झाल्या आहेत आणि त्यांच्या कडेने चुन्याची चौकट पुढे आलेली दिसते. त्या चौकटीवरून हळूच हात फिरवा, ओरबाडू नका. कुठला चुना होता, कसा मळला असेल, कुणी भरला असेल, या प्रश्नांना मी तरी अजून कंटाळलो नाही.

पावसाळ्यात जायचं असेल तर

जून ते ऑगस्ट जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, आणि कुलाब्याला ओहोटीतही चालत जाऊ नये. तेव्हा जमिनीवरची ठिकाणं धरा: चौलचं रामेश्वर, रेवदंड्यातला सातखणी बुरूज, कान्होजींची समाधी, खोकरीचे घुमट. कोर्लईच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे सप्टेंबर सरल्यावर जा. वाड्यांमधल्या पाऊलवाटांवर पाणी साचतं आणि चिरे निसरडे होतात, म्हणून छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. शेवटची एसटी किती वाजता आहे ते रेवदंड्याला उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा.